दहा मिनिटांची थंडी

मे महिन्यात मी रोज स्वेटर घालते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे नीट बघतात. बाहेर डांबर चपलेला चिकटत असतं, कुत्री नालीच्या ओल्यात जाऊन झोपलेली असतात, आणि मी गोंदियाच्या एका टोकाला असलेल्या गोदामात बसून पायात लोकरीचे दोन-दोन मोजे चढवत असते. चौदा वर्षं झाली या कामाला. मुलीच्या शाळेत आईचा धंदा लिहायचा होता तेव्हा मास्तरांनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, मजुरी लिहा. खरं काय लिहायचं असतं ते मलाही माहीत नव्हतं.

आमचं गोदाम आइसक्रीम, गोठवलेले मटार, लोणी, पनीर असल्या मालाचं आहे. माल नागपूरहून बंद गाडीत येतो आणि आमच्याकडून देवरी, आमगाव, तिरोड्यापर्यंतच्या दुकानांत जातो. आत दोन खोल्या आहेत, एकीतून दुसरीत जायचं. पहिलीला आम्ही प्लसची खोली म्हणतो. तिथे घरच्या फ्रिजसारखी थंडी असते. तिच्या आत मायनसची खोली. तिथे आइसक्रीम राहतं, शून्याच्या खाली अठरा, कधी वीस. मी चौथी शिकलेली बाई. शून्याच्या खालीही आकडे असतात हे मला शाळेने नाही, त्या खोलीने शिकवलं. दाराच्या वर लाल आकडे दिसतात, ते दर दोन तासांनी पाटीवर लिहायचे हे माझं काम. बाकी म्हणजे यादीप्रमाणे खोके काढणं, आलेले रचणं, जमिनीवरचा बर्फ खरवडणं, दाराच्या रबरावर साचलेली पांढरी भुरभुर पुसणं.

तिथले नियम कोणी लिहून दिलेले नाहीत. एकमेकीचं पाहून शिकलो. पहिला घामाचा. उन्हातून आलं की सरळ आत शिरायचं नाही. पंख्याखाली बसून पाठ कोरडी होऊ द्यायची. सुरुवातीला मी एकदा घाई केली, तर ओल्या ब्लाऊजची पाठ पापडासारखी कडक झाली आणि आठ दिवस मला मान वळवता आली नाही. मग लोखंडाचा. ओला हात दांडीला लावायचा नाही, चिकटतो. आम्ही बाया पायातली जोडवी काढत नाही, म्हणून जोडव्यांना चिंधी गुंडाळतो. हात-पाय चालू ठेवायचे. दहा मिनिटं झाली की बाहेर यायचं, मग पुन्हा जायचं. आणि बाहीचं एक आहे. गोदामात जाड जाकिटं दोनच, तीही पुरुषांच्या मापाची. बाहीच्या तोंडातून थंडी शिरते म्हणून आम्ही मनगटावर सायकलच्या जुन्या ट्यूबची, बांगडीसारखी कापलेली चकती चढवतो. बाही गच्च बसते, हवा बंद. ही युक्ती माझ्या आधीच्या बाईची, मी ती पुढच्या सगळ्यांना शिकवली.

पण सगळ्यात मोठं काम दार बंद ठेवणं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. एका मे महिन्यात संध्याकाळी वादळ आलं, लाइन गेली आणि जनरेटर चालू होईना. आत लग्नसराईचा माल भरलेला. शेठजींचा पुतण्या दर थोड्या वेळाने यायचा, आत वितळलं का पाहू म्हणायचा. दार उघडलं की थंडी गेलीच. आमचे सुपरवायझर मिश्राजी मला म्हणाले, "कांताबाई, दरवाजे से टिक के बैठ जाओ. कोई भी आए, मना करना." मला कोणाला नाही म्हणता येत नाही. लहानपणापासून नाही. म्हणून मी बोललेच नाही. दाराला पाठ लावून स्टुलावर बसले आणि पुतण्या आला की मान खाली घातली. तो ओरडला, विनवण्या केल्या, मग गेला. सकाळी लाइन आली तेव्हा माल जसाच्या तसा होता. मिश्राजींनी सगळ्यांपुढे माझं नाव घेतलं. मी प्लसच्या खोलीत जाऊन उभी राहिले, कारण तोंड तापलं होतं.

एवढं सांगितलं ते अशासाठी, की थंडीतलं मला एवढंच कळतं. त्याहून जास्त कळतं असं लोकांनी धरून घेतलं, तिथून घोटाळा सुरू झाला.

आमच्यापासून दोन घरं सोडून सुमन राहते. अंगणवाडीत खिचडी शिजवते, धान रोवण्याच्या दिवसांत चिखलात जाते. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. एम.ए. इंग्रजी झालेली, गोंदियातच एका शाळेत शिकवत होती. अशाच एका मे महिन्यात, संध्याकाळी, ती माझ्याकडे आली. मागून सुमनही आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"मावशी, तुले एक विचाराचं होतं. मायनस तीसमधे मानूस कसा राहते?"

मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आमची खोली वीसच्या खाली जात नाही. तीस कायले पाहिजे तुले?"

"मंगोलियात शाळेत नोकरी लागली. इंग्रजी शिकवाची. ऑगस्टमधे जाचं आहे."

"ते कुठं आलं?"

"चीनच्या वर."

चीनच्या वर काय आहे हे मला माहीत नव्हतं. वर म्हणजे डोंगरावर की नकाशात वर, हेही विचारलं नाही. सुमन चौकटीतून म्हणाली, "इंग्रजी काय फक्त थंड्या लोकायलेच शिकाचं रायते? आपल्या बिरसीच्या विमानतळावर विमान उडवाचं शिकाले पोरं येतात बाहेरून, त्यायले शिकव ना."

"आई, ते सगळे आधीच शिकून येतात."

"मंग विमानच शिक. निदान रोज संध्याकाळी घरी तरी येशीन."

प्रज्ञा हसली नाही. शाळेला आठ-दहा दिवसांत हो की नाही कळवायचं होतं. तिच्या मनातही भीती होती, ते मला तिच्या बोटांवरून कळलं. सारखी ओढणीचं टोक गुंडाळत होती. म्हणाली, "मावशी, मले तुया खोलीत ने. मी पाहून घेतो. तू म्हनशीन जमते, तं जातो. तू नाही म्हनली, तं नाही जात. आईलेही मी तसंच सांगितलं."

मी सुमनकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

माझा नवरा खाटेवरून म्हणाला, "घ्या. आता फारेनले जानाऱ्या लोकायची तू डॉक्टर झाली."

मिश्राजी आधी तयार नव्हते. मग म्हणाले, "दस मिनट. कोने में खड़ी रहे, माल को हाथ न लगाए. और आइसक्रीम खाने मत बैठ जाना." रविवार सकाळ ठरली.

दरम्यान प्रज्ञा गोंदियाच्या बाजारात स्वेटर शोधायला गेली. स्वेटरवाले आमच्याकडे दिवाळीला येतात आणि संक्रांतीनंतर निघून जातात. एका दुकानदाराने तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बेटी, धूप लगी है क्या? घर में किसी को फोन करूँ?" शेवटी तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिकांनी पेटीतले स्वेटर काढून दिले, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे. बापाची माकडटोपी होतीच.

शनिवारी दुपारी सुमन एकटी आली. मी गोदामातून आलेली, अंगावरचं ऊन उतरायचं होतं. ती मातीवरच बसली, चटईवर नाही.

"कांता, उद्या पोरगी आत जाईन. तू नाही म्हन."

"पाहिल्याशिवाय कशी म्हनू?"

"एक शब्द आहे. नाही. लेक माह्यं आयकत नाही, बापाचं आयकत नाही, तुयं आयकीन. तुले त्यातलं समजते." मग म्हणाली, "माह्या घरात नागपूरच्या पुढं कोनी गेलं नाही वो. तिथं तिले ताप आला तं कोन पाहीन?"

हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सुमनने ते हो धरलं असावं. जाताना ती माझ्या हंड्यातलं पाणी पिऊन गेली, जसं आपल्या घरात पितात.

रविवारी प्रज्ञा आली ती उन्हाची आली. म्हणजे आमच्याकडे पोरी उन्हात निघताना ओढणी डोक्यावरून, कानावरून, नाका-तोंडावरून घट्ट गुंडाळतात, फक्त डोळे उघडे, तशी. मी म्हटलं, "हे सोड. हे उन्हाचं आहे. श्वास ओढणीत साचते, ओढणी ओली होते अन् ओली झाली की तिचाच बर्फ होते." तिला ते पटायला वेळ लागला. लहानपणापासून जे बांधलं की जीव वाचतो, ते सोडायचं म्हणजे तिला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

तिला पंख्याखाली बसवलं. दोन स्वेटर, वरून गोदामातलं जाकीट, टोपी, माझे मोजे. हातात लोकरीचे हातमोजे होते, पातळ. जाकिटाची बाही तिच्या हातात हत्तीच्या सोंडेसारखी लोंबत होती. मनगट काडीएवढं. मी ट्यूबची चकती चढवली, ती ढिली राहिली. मग दुहेरी करून चढवली. मग वाटलं, पोरीला थंडी लागू नये, म्हणून त्यावर आणखी एक.

आत गेलो. पंख्याचा आवाज एवढा असतो की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. तिला मिश्राजींनी सांगितलं तसं कोपऱ्यात उभं केलं, हलू नको म्हटलं आणि मी माझे खोके काढू लागले. दोन मिनिटांनी पाहिलं, ती डोळे मोठे करून हसत होती. पाच मिनिटांनी हसत नव्हती, पण उभी होती. आठव्या मिनिटाला तिने मला खुणेने बोलावलं आणि हात पुढे केले. मोजा काढून पाहिला तर बोटं पांढरी. मेणबत्तीसारखी. नखंसुद्धा.

मी तिला ओढतच बाहेर आणलं. जाकीट, चकत्या सगळं उतरवलं आणि हात कोमट पाण्यात धरले. गरम पाण्यात धरायचे नसतात, आग होते. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज केला नाही. हळूहळू रंग आला, आधी लाल, मग नेहमीचा.

"मावशी, सांग," ती म्हणाली.

चौदा वर्षांत मी पाच-सहा बायांना हे काम शिकवलं. आठ मिनिटांत बोटं पांढरी झालेली मी कोणाची पाहिली नव्हती. मला वाटलं, तिचं रक्तच असं असेल. आणि माझ्या मनात सुमनचाही चेहरा होता. बोटं आणि सुमन, दोन्ही एकाच बाजूला होते, म्हणून मला बरंही वाटलं. पहिल्यांदाच माझ्या तोंडून तो शब्द सहज निघाला.

"नाही जमनार, बाई. नको जाऊ."

"बरं," ती म्हणाली. स्वेटर घड्या करून पिशवीत भरले. जाताना मला म्हणाली, "तू खरं सांगितलं ते बरं झालं मावशी." हे वाक्य मला पुढे फार टोचलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मायनसच्या खोलीतला पंखा घरघर करू लागला. मिस्त्री आला. तो शिडीवर चढला आणि मला खाली बॅटरी धरून उभं केलं. "हिलना मत बाई, पेच छोटा है." मी हलले नाही. चौदा वर्षांत मी त्या खोलीत कधी स्थिर उभी राहिले नव्हते, हे मला तेव्हा लक्षात आलं. खोके उचल, ठेव, खरवड, चाल, एवढंच. सहा-सात मिनिटांत बॅटरी धरलेला हात माझा राहिला नाही. बॅटरी पडली. मिस्त्री खाली उतरला, माझ्या हातातला मोजा काढला. बोटं पांढरी. तो उघड्या हातांनी काम करत होता, त्याचे हात टोमॅटोसारखे लाल होते.

"अरे बाई, ये कलाई पे क्या कस रखा है? खून ही बंद कर दिया तुमने."

त्याने चकती काढून माझ्यापुढे धरली. माझ्या मनगटावर तिची खूण नेहमीचीच आहे, काळपट, केस नसलेली. मी ती बांगडीची खूण असावी तशी इतकी वर्षं पाहत आले. खोके उचलताना रक्त पळतं म्हणून निभावलं असेल. पण प्रज्ञाच्या काडीएवढ्या मनगटावर मी दुहेरी आणि वर एक चढवली होती, आणि तिला कोपऱ्यात उभं राहा, हलू नको म्हटलं होतं. मायेने बांधलं होतं.

मी बाहेर येऊन बसले. मिश्राजींनी विचारलं, तबियत ठीक है? मी हो म्हटलं. डोक्यात काही सुधरत नव्हतं. म्हणजे तिला जमेल का? ते मला कुठे माहीत होतं? चकती चूक, म्हणून मायनस तीस जमेल, असं होत नाही. पण मी नाही म्हटलं होतं ते ज्याच्यावरून म्हटलं, ते माझंच करणं होतं. आणि आता जाऊन सांगावं तर सुमन? आणि न सांगावं तर? आठ-दहा दिवसांतले थोडेच उरले होते. गप्प बसले असते तर ते आपोआप गेले असते.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली, आणि लोक सुमनच्या अंगणात येऊन बसले, कारण तिच्याकडे कडुनिंबाची सावली आहे. मी गेले तर दहा-बारा जण होते. सुमन खुशीत होती. "ये वो, ये," म्हणाली आणि सगळ्यांना सांगू लागली, "हिनं वाचवली माह्या लेकीले. डॉक्टर काय सांगीन, हिनं आठ मिनिटात सांगितलं." एक म्हातारी म्हणाली, "थंडीतली मास्तरीन आहे ते." लोक हसले. प्रज्ञा भांडी उचलत होती, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

चार माणसांत मी बोलत नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हाही मी घेतलं नव्हतं. पण उभी राहिले, आणि उभं राहिल्यावर बसता येईना.

"माही चूक झाली," मी म्हटलं. "तिचे बोटं थंडीनं पांढरे नोहोते झाले. म्या मनगटाले ट्यूब बांधली होती. कसून. माहेही झाले काल."

कोणाला काही समजलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं, ट्यूब काय, कुठे बांधायची, का बांधायची. बोलता बोलता शब्द उलटसुलट होत होते. प्रज्ञाने हातातली भांडी खाली ठेवली.

सुमन म्हणाली, "म्हनजे? जमते म्हनून सांगून राहिली का तू आता?"

"तेही नाही सांगत. मले मालूम नाही. माही थंडी दहा मिनिटाची आहे, सुमन. दहा मिनिटानं मी दार उघडून उन्हात येतो. तिथं दार उघडलं तं कुठं येते, मले काय मालूम?"

"मंग मी कोनाले विचारू?" प्रज्ञा म्हणाली. रागाने म्हणाली. मी उभीच राहिले.

सुमन माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तू कायले आली वो आज? चार दिवस थांबली असती तं तारीख निघून गेली असती."

मला ते माहीत होतं. म्हणूनच मी आज आले होते. माझ्या वाट्याची खीर तिथेच राहिली.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी गोदामावर आली, न बोलावता. मिश्राजींनी कपाळाला हात लावला, पण सोडलं. या वेळी चकती नाही. बाहीचं तोंड नुसतं हातमोज्याच्या आत खोचलं, ढिलं. तिला म्हटलं चालत राहा. ती खोक्यांच्या मधल्या गल्लीत येरझारा घालत होती आणि ओठ हलवत होती. मला वाटलं प्रार्थना करते. बाहेर आल्यावर म्हणाली, पहिल्या दिवशी वर्गात काय बोलायचं ते पाठ करत होते. दहा मिनिटं आत, थोडं बाहेर, असं तीनदा केलं. शेवटी आम्ही दोघी उन्हात उभ्या राहून तिचे हात पाहू लागलो. बोटं लाल होती. डाव्या हाताची करंगळी तेवढी जराशी पांढरट.

"हे पांढरी झाली का मावशी, का माही अशीच आहे?"

मी माझी करंगळी शेजारी धरली. मिश्राजींनाही बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "मुझे तो सबकी उँगली एक जैसी लगती है." कोणालाच सांगता येईना. प्रज्ञाने ती करंगळी दुसऱ्या हातात धरली, आणि मग मोबाइल काढून तिथेच, गोदामाच्या फाटकात, शाळेला कळवून टाकलं. मला विचारलं नाही. मला बरं वाटलं की वाईट, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये ती गेली. त्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरही सुमन माझ्याशी बोलली नाही. नळावर मी गेले की ती बादली उचलायची, भरलेली असो की अर्धी. पोरगी मात्र निघताना घरी आली. मी तिला माझे दोन मोजे दिले, धुतलेले. "तिथं याच्यापेक्षा चांगले भेटतीन," मी म्हटलं. ती म्हणाली, "भेटू दे." आणि ते हातातल्या पिशवीत नाही, खांद्यावरच्या झोळीत ठेवले.

थंडीत तिचा फोन आला, चेहरा दिसणारा. जानेवारी होता. मी धास्तावून पाहिलं, तर पोरगी अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात बसलेली.

"अवो, स्वेटर घाल ना!"

"घरात कायले, मावशी? इथं घरं गरम करतात. नळीतून गरम पाणी खेळवतात भिंतीजवळून. उकडते म्हनून मी खिडकी उघडतो कधी कधी."

माझं डोकंच चालेना. आमच्याकडे बाहेर आग आणि आत थंडी. तिच्याकडे आत आग आणि बाहेर थंडी. मग आम्ही मे महिन्यात काय तपासलं? ती म्हणाली, बाहेरही जावंच लागतं, सकाळी बसची वाट पाहावी लागते, आज शून्याच्या खाली एकतीस होतं. बसला कधी कधी वेळ लागतो. "तवा नाकातले केस कडक होतात," ती म्हणाली.

"काड्या घातल्यासारखे," मी म्हटलं.

"हो! तुले कसं मालूम?"

"माह्या खोलीतही होतात."

आम्ही दोघी हसलो. जगात असं कोणाशी बोलायला मला पहिल्यांदाच मिळालं. मग तिने विचारलं, आई बोलते का तुझ्याशी? मी म्हटलं, बोलते. ती म्हणाली, "मावशी, तुले खोटं बोलता येत नाही."

त्यानंतर दोन दिवसांनी मी पाटीवर आकडे लिहीत होते तर मिश्राजींनी हाक मारली. फाटकात सुमन उभी होती. अंगावर साडी, वरून नवऱ्याचा स्वेटर, त्यावर शाल, पायात चपला. चालत आली होती.

"मले आत ने," ती म्हणाली. आठ महिन्यांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

मिश्राजींनी विचारलं, "ये कौन है?"

"घर की है," मी म्हटलं.

माझे मोजे तिच्या पायात घातले, माझं जाकीट तिला दिलं आणि मी दुसरं घेतलं. मनगटं मोकळी ठेवली. मायनसचं दार लावलं तेव्हा तिने एकदा श्वास आत ओढला आणि तसाच धरला. मग प्रज्ञा पहिल्यांदा उभी होती त्याच कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, माल नसलेल्या भिंतीजवळ, दोन्ही हात बाजूला सोडून.

मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "हात हलव. पाय आपट."

ती हलली नाही. समोर पाहत होती, जिथे नुसते खोके होते. तिच्या पापण्या ओल्या झाल्या आणि कडेला पांढऱ्या होऊ लागल्या.

"किती झालं?" तिने विचारलं.

"सहा मिनिटं."

मी तिच्या बाजूला उभी राहिले. दहा झाली तशी मी दाराच्या दांडीकडे गेले आणि तिला बाहेर यायची खूण केली. ती आली नाही. मी परत जाऊन तिचा हात धरला.

"चाल सुमन. झाले दहा."

"थांब ना वो," ती म्हणाली. "तिची बस कुठं आली अजून."

मी तिचा हात सोडला नाही, पण दाराकडेही ओढलं नाही.